रक्ताचा वारसा, हाताचा वारसा

संस्थापक गेला की त्याच्या गादीवर कोणी बसायचे, हा प्रश्न कोणत्याही पंथाला चुकलेला नाही. महाराष्ट्रात त्याची निरनिराळी उत्तरे आपण पाहत आलो आहोत. समर्थ रामदास ब्रह्मचारी होते, त्यांना मूलबाळ नव्हते. तरी चाफळ-सज्जनगडाचा अधिकार पुढे त्यांच्या थोरल्या बंधूंच्या वंशात गेला. चिंचवडला मोरया गोसावींमागे मुलगा, नातू असा देव घराण्याचा क्रम चालला. देहूला तुकोबांचे वंशज आहेत. पण तुकोबांचे वारस म्हणून आपण शिऊरच्या बहिणाबाईंचेही नाव घेतो. त्यांचे तुकोबांशी रक्ताचे नाते नव्हते, जातही वेगळी. त्यांना उपदेश मिळाला तो स्वप्नात. उत्तरेकडच्या कबीरपंथात या दोन वाटांना नावेच आहेत. देहाने चालतो तो बिंदुवंश आणि गुरूच्या शब्दाने चालतो तो नादवंश.

ख्रिस्ती धर्म हा नादवंशाचा धर्म, असे आपण सहसा धरून चालतो. पोपला मुलगा नसतो, बिशपच्या मागे बिशपचा पुत्र बसत नाही. एका बिशपने दुसऱ्याच्या मस्तकावर हात ठेवावा आणि अधिकार पुढे जावा, अशी ती रीत. हे चित्र ढोबळमानाने खरे आहे. मात्र ही रीत पहिल्या दिवसापासून ठरलेली नव्हती. येशूनंतरची पहिली काही दशके त्याच्या मूळ मंडळीची सूत्रे त्याच्या नातलगांच्या हाती होती. पुढे त्यांचे नाव मागे पडले आणि हाताचा वारसा सर्वत्र मान्य झाला. तरीही रक्त पुन्हा पुन्हा परत आले, ते कधी आधार म्हणून आले तर कधी अडसर म्हणून. या येण्याजाण्याचा माग मला या लेखात काढायचा आहे. यात केवळ गादीचा वाद नाही. गालीलातल्या एका सुतार घराण्याशी ज्यांचा काडीचा संबंध नाही, अशा माणसांना येशूचे वारस म्हणवून घेता येईल का, हा खरा प्रश्न त्याखाली दडलेला आहे.

दोन वंशावळी

नव्या कराराचे पहिले पान उघडले की समोर येते ती वंशावळ. मत्तय अब्राहामापासून आरंभ करतो, चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट पाडतो आणि दावीद राजाच्या घराण्यातून योसेफापर्यंत येतो. लूक उलट्या दिशेने जातो. तो योसेफापासून वर चढत दावीद, अब्राहाम यांच्याही पलीकडे आदामापर्यंत पोचतो. दोघांच्या याद्या जुळत नाहीत. मत्तयाच्या मते योसेफाच्या बापाचे नाव याकोब, लूकच्या मते एली.

त्याहून मोठी अडचण निराळीच आहे. दोन्ही वंशावळी योसेफापाशी येऊन पोचतात आणि त्याच दोन्ही ग्रंथांत सांगितले आहे की, येशू योसेफापासून जन्मलेला नाही. म्हणजे एवढ्या कष्टाने रचलेली ही साखळी शेवटच्या कडीपाशी रक्ताने जोडलेलीच नाही. मत्तयाला याची जाणीव आहे. अमक्याने तमक्याला जन्म दिला, असे चाललेले त्याचे वाक्य योसेफापाशी मोडते आणि योसेफ हा मरियेचा पती, एवढेच सांगून थांबते. कायद्याने मुलगा तो मुलगा, नाव ठेवणारा तो बाप, हे त्यामागचे यहुदी गृहीत. मत्तयाच्या यादीत आणखी एक खोच आहे. पुरुषांच्या त्या लांबलचक रांगेत मरियेच्या आधी चार स्त्रिया येतात: तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको. राहाब कनानी, रूथ मवाबी. दावीदाच्या कुळातच परक्यांचे रक्त मिसळलेले आहे, हे मत्तयाने लपवलेले नाही.

तिसऱ्या शतकाच्या आरंभी ज्युलियस आफ्रिकानस नावाच्या विद्वानाने या दोन याद्यांचा मेळ घातला. त्याचा खुलासा आपल्याला नियोगाची आठवण करून देणारा आहे. याकोब आणि एली हे एका आईचे, वेगवेगळ्या बापांचे मुलगे. एली निपुत्रिक वारला. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे याकोबाने त्याच्या विधवेशी लग्न करून त्याच्यासाठी वंश चालवला. म्हणून योसेफ देहाने याकोबाचा आणि कायद्याने एलीचा. ही माहिती आपल्याला कोठून मिळाली, हेही आफ्रिकानस सांगतो: येशूच्या नातलगांकडून. नासरेथ आणि कोखाबा या गावांतून पसरलेले हे लोक आपली वंशावळ स्मरणाने व टिपणांनी जपून होते. त्यांना ग्रीकमध्ये ‘देस्पोसुनोई’ म्हणत. ‘धन्याच्या घरचे’ असा त्याचा अर्थ.

धन्याच्या घरचे

या घरच्यांचे येशूशी जुळत नव्हते, असेच शुभवर्तमाने सांगतात. मार्क त्याच्या चार भावांची नावे देतो: याकोब, योसे, यहूदा आणि शिमोन. बहिणींचा उल्लेख आहे, नावे नाहीत. येशूला वेड लागले असे वाटून घरचे त्याला आवरायला निघाले होते, हेही मार्कच नोंदवतो. आई आणि भाऊ बाहेर उभे आहेत असे कळले तेव्हा येशूने भोवती बसलेल्यांकडे पाहिले आणि देवाच्या इच्छेप्रमाणे वागणारा तोच आपला भाऊ, तीच बहीण आणि आई, असे सांगितले. नादवंशाची याहून स्पष्ट घोषणा सापडणार नाही.

हे भाऊ नेमके कोण, यावर पुढे पंथभेद झाले. मरिया आजन्म कुमारी होती असे मानणाऱ्या कॅथलिकांनी जेरोमच्या मताप्रमाणे त्यांना मावसभाऊ-चुलतभाऊ ठरवले. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळींनी ते योसेफाच्या पहिल्या लग्नाचे मुलगे मानले. बहुतेक प्रोटेस्टंट त्यांना सख्खे धाकटे भाऊ समजतात. आपल्या विषयापुरते एवढे पुरे की, ते घरचे होते आणि समकालीन त्यांना तसेच ओळखत.

येशूला क्रुसावर दिल्यानंतर चित्र पालटते. पौलाच्या पत्रात पुनरुत्थित येशू ज्यांना दिसला त्यांच्या यादीत याकोबाचे नाव आहे. थोड्याच वर्षांत हा याकोब यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख झालेला दिसतो. पौल मंडळीच्या तीन आधारस्तंभांची नावे देतो तेव्हा याकोबाचे नाव पेत्राच्याही आधी येते. इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेमात बैठक भरली. परराष्ट्रीय ख्रिस्ती लोकांनी सुंता करून घ्यावी की नाही, हा तिथला प्रश्न. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथानुसार तिचा समारोप करून निवाडा देणारा याकोबच आहे. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीला सापडलेल्या थॉमसच्या शुभवर्तमानातही, मी गेल्यावर कोणाकडे जायचे याचे उत्तर म्हणून येशू याकोबाचेच नाव घेतो.

याकोबाचा अंत यहुदी इतिहासकार योसेफसने नोंदवला आहे, म्हणून तो विशेष विश्वासार्ह. इ. स. ६२ मध्ये रोमचा एक सुभेदार वारला आणि दुसरा अजून वाटेत होता. तेवढ्यात महायाजक हनान याने याकोबाला नियमभंगाच्या आरोपावरून दगडमार करवून मारले. शहरातल्या नियमनिष्ठ यहुद्यांनाच हे खटकले. त्यांनी तक्रार केली आणि हनानचे पद तीन महिन्यांत गेले.

त्याच्या जागी कोण? दुसऱ्या शतकातला हेगेसिप्पस याचे उत्तर देतो. त्याचे पाच खंड नष्ट झाले. युसेबियसने आपल्या मंडळीच्या इतिहासात दिलेले उतारे तेवढे उरले. क्लोपाचा मुलगा शिमोन याची एकमताने निवड झाली, असे तो म्हणतो आणि कारणही देतो: तो प्रभूचा चुलतभाऊ होता. क्लोपा हा योसेफाचा भाऊ. थेबुथिस नावाचा एक मनुष्य आपल्याला बिशप केले नाही म्हणून रागावला आणि त्याने मंडळीत पाखंड घुसवले, असेही हेगेसिप्पस सांगतो. गादीवरून झालेल्या तंट्याची ही फार जुनी नोंद.

या घराण्याची सगळ्यांत हृद्य कथा मात्र येशूचा भाऊ यहूदा याच्या नातवांची आहे. दावीदाच्या वंशातला माणूस म्हणजे राजगादीचा दावेदार, म्हणून रोमला त्या वंशाचे भय वाटे. सम्राट डोमिशियनच्या (इ. स. ८१–९६) काळी या दोघा नातवांना पकडून त्याच्यापुढे उभे केले. तुमची मालमत्ता किती, असे त्याने विचारले. दोघांची मिळून ३९ प्लेथ्रा जमीन, किंमत ९,००० दिनार, रोख काही नाही; ती कसून पोट भरतो आणि सारा देतो, असे त्यांनी सांगितले आणि घट्टे पडलेले हात पुढे केले. ख्रिस्ताचे राज्य कसले, कुठे, असे विचारल्यावर ते या जगातले नाही, असे उत्तर मिळाले. सम्राटाने त्यांना क्षुल्लक समजून सोडून दिले. परत आल्यावर ते मंडळ्यांचे पुढारी झाले. एक तर त्यांनी साक्ष दिली होती, आणि दुसरे म्हणजे ते प्रभूचे नातलग होते. हेगेसिप्पस दोन्ही कारणे एका दमात देतो. शिमोन मात्र सुटला नाही. सम्राट ट्रेजनच्या काळी दावीदाचा वंशज आणि ख्रिस्ती, असा दुहेरी आरोप येऊन तो क्रुसावर गेला.

इथे एका लोकप्रिय समजुतीचा निकाल लावून टाकू. ‘दा विंची कोड’सारख्या कादंबऱ्यांमुळे येशूला मग्दालिया मरियेपासून मूल झाले व तो वंश युरोपात चालला, ही कल्पना आपल्याकडेही पसरली. हेगेसिप्पस भाऊ, चुलतभाऊ, भावाचे नातू असे सगळे मोजतो. मुलाचा उल्लेख कुठेच नाही. मुलगा असता तर चुलतभावाची निवड कशाला झाली असती? लग्न करण्याचा आपला हक्क सांगताना पौल पेत्राचा आणि प्रभूच्या भावांचा दाखला देतो. येशू स्वतः विवाहित असता तर पौलाने तो दाखला सोडला नसता. या कादंबरीच्या खपावरून एवढेच कळते की, रक्ताच्या वारशाची ओढ आधुनिक वाचकालाही सुटलेली नाही.

दत्तक पुत्र

याकोबाजवळ नाते होते. पौलाजवळ काहीच नव्हते. त्याने येशूला देहाने ओळखल्याचा कुठे पुरावा नाही. उलट तो मंडळीचा छळ करणारा. त्याचा सगळा अधिकार दिमिष्काच्या वाटेवर झालेल्या एका दर्शनावर उभा होता. आपल्याला हा प्रकार परका वाटू नये. बहिणाबाईंना तुकोबांचा अनुग्रह स्वप्नात, आणि खुद्द तुकोबांना बाबाजींचा उपदेशही स्वप्नात. अशा अनुग्रहाला साक्षीदार नसतो. त्यामुळे ज्यांच्यापाशी नाते किंवा सहवास आहे त्यांना तो खटकतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाचा स्वर इतका तापलेला का, हे यावरून उलगडते. मला हे माणसाकडून मिळालेले नाही, असे तो बजावतो. दर्शनानंतर तीन वर्षांनी आपण यरुशलेमला गेलो, पेत्राकडे पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब याला भेटलो, हेही तो नमूद करतो. अंत्युखियात याकोबाकडून माणसे आली तेव्हा पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला. पौलाने त्याला सर्वांसमोर सुनावले. वाद पंगतीचा होता. पंक्तिभेद म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

या भांडणातून पौलाने वारशाची नवी व्याख्या घडवली. अब्राहामाला देवाने नीतिमान ठरवले ते त्याच्या विश्वासामुळे आणि तेही सुंतेच्या आधी. म्हणून विश्वास ठेवणारा कोणीही अब्राहामाचा पुत्र. ही कल्पना सांगायला त्याने शब्द निवडला दत्तकाचा. रोमकरांस पत्र त्याने इ. स. ५७ च्या सुमारास लिहिले. तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता. क्लॉडियसने त्याला इ. स. ५० मध्ये दत्तक घेतले होते. ऑगस्टसला सीझरने दत्तक घेतले होते, तायबेरियसला ऑगस्टसने. दत्तक हा दुय्यम मुलगा, असे रोममध्ये कोणी म्हणू शकत नव्हते, कारण साम्राज्यच दत्तकांच्या हाती होते. जुने घराणे सुटते, जुने ऋण फिटते आणि नव्या घरात औरस मुलाचे सर्व हक्क मिळतात, ही रोमन कायद्याची तरतूद पौलाच्या डोळ्यांपुढे आहे. १८४८ साली साताऱ्याचे आणि १८५४ साली झाशीचे राज्य दत्तक नामंजूर करून खालसा झाले. दत्तक मानला जाणे अथवा न जाणे यावर काय काय अवलंबून असते, हे आपल्या इतिहासाने आपल्याला शिकवले आहे.

याजकपणाचा प्रश्न इब्री लोकांस पत्र लिहिणाऱ्याने सोडवला. यहुदी याजक लेवीच्या वंशातलाच हवा. येशू यहूदाच्या वंशातला. मग तो महायाजक कसा? लेखक उत्पत्तीच्या पुस्तकातला मलकीसदेक पुढे आणतो. हा अब्राहामाला आशीर्वाद देणारा याजक, आणि त्याच्या आईबापांचा, वंशाचा उल्लेख शास्त्रात नाही. येशूचे याजकपण त्याच्या परंपरेतले. जन्माने भट होणे ख्रिस्ती धर्मात तत्त्वतः अशक्य झाले ते या युक्तिवादाने.

मस्तकावरचा हात

तत्त्व ठरले, तरी गादीचा व्यवहार उरतोच. इ. स. ७० मध्ये मंदिर पडले, इ. स. १३५ मध्ये बार कोखबाचे बंड मोडल्यावर हाड्रियनने यहुद्यांना यरुशलेमात येण्यास बंदी केली. युसेबियसच्या यादीप्रमाणे तोवर तिथे १५ यहुदी बिशप झाले. त्यानंतर आला मार्कस, पहिला परराष्ट्रीय. घरच्यांची मंडळी ज्या शहरात होती ते शहरच हातचे गेले. ख्रिस्ती लोकांची संख्या आता रोम, इफिस, अलेक्झांड्रिया अशा शहरांत वाढत होती आणि तिथे नासरेथच्या नातलगांना कोणी ओळखत नव्हते.

पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमहून करिंथला गेलेल्या पत्रात नव्या रीतीचे सूत्र सापडते. हे पत्र क्लेमेंटचे मानतात. करिंथकरांनी आपले वडील पदावरून काढले होते. त्यांना पत्र समजावते की, प्रेषितांनी अधिकारी नेमले आणि त्यांच्यामागे इतरांनी ती सेवा चालवावी अशी व्यवस्थाही लावली. १८० च्या सुमारास ल्योंचा बिशप इरिनेयस याने या सूत्राचे शस्त्र केले. आपल्याला प्रेषितांकडून गुप्त विद्या मिळाली, असे अनेक ज्ञानमार्गी पंथ सांगत. त्यांच्याही गुरुपरंपरा होत्या. त्यांच्याविरुद्ध इरिनेयसने रोमच्या बारा बिशपांची यादी मांडली, लिनसपासून एलेउथेरसपर्यंत. गुप्त शिकवण असती तर प्रेषितांनी ती ज्यांच्या हाती मंडळ्या सोपवल्या त्यांनाच दिली नसती का, असा त्याचा सवाल. त्याने स्वतः लहानपणी पॉलिकार्पला ऐकले होते आणि पॉलिकार्पने प्रेषित योहानाला. इथे वारसा उघड्यावर आला. कोणी कोणावर हात ठेवला हे गाव पाहते, त्याची यादी राहते आणि ती तपासता येते.

पुतण्यांची वाट

पण रक्त निघून गेले नाही. इरिनेयसच्याच काळात इफिसचा पॉलिक्रेटस रोमला अभिमानाने कळवतो की, माझे सात नातलग बिशप होते आणि मी आठवा. आर्मेनियाने चौथ्या शतकाच्या आरंभी ग्रेगरीच्या प्रभावाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तिथले सर्वोच्च पद त्याच्या मुलांकडे, नातवाकडे असे मधूनमधून खंडित होत साहाकपर्यंत त्याच घराण्यात राहिले. साहाकला मुलगा नव्हता. पश्चिमेत १२ व्या शतकातल्या लॅटेरन परिषदांनी पाद्र्यांचे विवाह रद्दबातल ठरवले. त्यामागे मंडळीची जमीन मुलांच्या नावे जाऊ नये, हाही हेतू होता. मुलांची वाट बंद झाली तशी पुतण्या-भाच्यांची उघडली. पोप चौथ्या सिक्स्टसने आपल्या पुतण्या-भाच्यांना कार्डिनल केले. त्यांतला एक पुढे दुसरा ज्युलियस म्हणून पोप झाला. नातेवाइकांची वर्णी लावण्याला युरोपीय भाषांत जो शब्द आहे तो पुतण्या-भाचा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच आला. १६९२ मध्ये पोप बाराव्या इनोसंटने या प्रकाराला कायद्याने आळा घातला.

मला अधिक विचार करायला लावते ती पूर्वेकडची मंडळी. मेसोपोटेमियात केंद्र असलेल्या या मंडळीचा आपल्याशी जुना संबंध आहे. सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस हा कल्लियाना येथे इराणहून नेमलेला बिशप असल्याचे लिहितो. ते आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. एके काळी चीनपर्यंत पसरलेली ही मंडळी तैमूरच्या स्वाऱ्यांनंतर डोंगराळ मुलखात आक्रसली. १४५० च्या सुमारास कुलपती चौथा शिमोन याने पद आपल्या घराण्यातच ठेवण्याचा नियम केला. कुलपती अविवाहित असे, म्हणून काकामागून पुतण्या. १५५२ मध्ये याविरुद्ध बंड झाले. विरोधकांनी योहानान सुलाका या मठाधिपतीला निवडले. तो रोमला जाऊन १५५३ मध्ये पोपकडून कुलपती होऊन आला आणि १५५५ मध्ये मारला गेला. दैवगती अशी की, वंशपरंपरेविरुद्ध उभी राहिलेली ही सुलाकाची शाखाच पुढे रोमपासून दूर होऊन हक्कारीच्या डोंगरांत गेली आणि तीही काका-पुतण्यांची झाली.

याला केवळ सत्तेचा लोभ म्हणून चालणार नाही. तिथे कुलपती हा टोळ्यांचा नायकही होता. चहूकडून घेरलेल्या समाजात प्रत्येक निवडणूक म्हणजे टोळ्यांमधला रक्तपात झाला असता. जन्माने ठरलेल्या वारसावर वाद उरत नाही. याकोबानंतर शिमोनाला एकमताने निवडणाऱ्या यरुशलेमच्या मंडळीची गरजही अशीच असावी, असे मला वाटते. संकटात सापडलेली माणसे आधी घराकडे वळतात.

त्याची किंमत पहिल्या महायुद्धात कळली. १९१८ मध्ये कुलपती बेन्यामीन याची वाटाघाटीच्या वेळी दगाबाजीने हत्या झाली. त्याच्यामागून आलेला भाऊ दोन वर्षांत वारला. १९२० मध्ये निर्वासितांच्या छावणीत कुलपती झाला तो पुतण्या एशाय, वय १२ वर्षे. आत्या सुरमा कारभार पाहू लागली. हा एशाय १९७३ मध्ये विवाहबद्ध झाला आणि १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात त्याची हत्या झाली. १९७६ मध्ये बिशपांनी चौथ्या दिन्खाला निवडले आणि सव्वापाचशे वर्षांची ही प्रथा संपली.

याच मंडळीची भारतातली शाखा म्हणजे मलबारचे संत थोमाचे ख्रिस्ती. त्यांचे बिशप मेसोपोटेमियाहून येत. ते परके, भाषा न जाणणारे. म्हणून खरा कारभार स्थानिक आर्चडीकनकडे, आणि ते पद पकलोमट्टम घराण्यात मामा-भाच्यांच्या क्रमाने चाले. खुद्द प्रेषित थोमाने या घराण्याला दीक्षा दिली, अशी श्रद्धा. १५९९ मध्ये गोव्याच्या आर्चबिशप मेनेझिसने उदयंपेरूरला धर्मसभा भरवून या समाजाला रोमच्या आज्ञेत आणले. जाच वाढत गेला आणि ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टांचेरीला लोकांनी क्रुसाला बांधलेला दोर धरून जेझुइटांना न मानण्याची शपथ घेतली. त्यानंतर काही महिन्यांत आलंगाडला बारा पाद्र्यांनी आर्चडीकन थोमाच्या मस्तकावर हात ठेवून त्याला पहिला मार थोमा केले. पेच असा की, बिशपला दीक्षा बिशपच देऊ शकतो आणि तिथे एकही बिशप नव्हता. रक्त निःसंशय, हात संशयास्पद! पुढे १६६५ मध्ये पश्चिम आशियातून ग्रेगोरियोस आला आणि १८ व्या शतकात सहाव्या मार थोमाने, कुळाने गादीवर असूनही, परदेशी बिशपांकडून पुन्हा दीक्षा घेतली. कुळाला एवढा मान देणाऱ्या समाजालाही हाताशिवाय चैन पडले नाही.

शुद्ध रक्त

आतापर्यंतचे रक्त आतल्यांना एकत्र ठेवणारे होते. बाहेरच्यांना अडवणारे रक्त आयबेरियात दिसते. १४४९ मध्ये टोलेडो शहराने यहुदी वंशाच्या ख्रिस्ती लोकांना शहरातल्या पदांवर बंदी केली. त्याच वर्षी पोप पाचव्या निकोलसने तिचा निषेध केला, पण ‘रक्तशुद्धी’चे नियम पसरतच गेले. जेझुइट संघाचा दुसरा प्रमुख लायनेझ स्वतः यहुदी वंशाचा. तरी १५९३ मध्ये संघाने त्या वंशाच्या उमेदवारांना दार बंद केले आणि ही बंदी पुरती उठायला १९४६ साल उजाडले. ज्या धर्माचा संस्थापक यहुदी, त्याच्या सेवेला यहुदी रक्त अपात्र ठरले.

हे खूळ गलबतांतून गोव्यालाही आले. दिवाडीचे मातेउस द कास्त्रो हे ब्राह्मण ख्रिस्ती कुटुंबातले. गोव्यात देशी म्हणून दीक्षा नाकारली गेली, तेव्हा ते रोमला गेले. तिथे दीक्षा मिळाली. १६३७ मध्ये ते बिशप झाले आणि आदिलशाही मुलखासाठी नेमले गेले. गोव्यातल्या पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांनी त्यांना अखेरपर्यंत मानले नाही. हाताने दिलेले रक्ताने नाकारले. पण कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कास्त्रोंनी आपली कैफियत मांडली ती गोव्याच्या ब्राह्मणांपुढे, ब्राह्मण म्हणून. बाप्तिस्म्याचे पाणी पडले तरी बामण, चारडो, सुदिर हे भेद गोव्याच्या ख्रिस्ती समाजात उरलेच. परक्यांच्या रक्ताभिमानाला आपल्या रक्ताभिमानाने उत्तर देण्याचा मोह सगळ्यांनाच होतो.

कोणाचे वारस?

१९ व्या शतकातल्या मराठी धर्मांतरितांना हा प्रश्न पुस्तकी नव्हता. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे धर्म सोडणारा वडिलोपार्जित मिळकतीला मुके. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने तो हक्क शाबूत ठेवला, पण कायदा घरचे दार उघडून देत नाही. १८५४ मध्ये बाबा पदमनजींनी आणि १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तो आप्तेष्टांचा रोष पत्करून. त्यांना नव्या घरात पोटच्या मुलाचे स्थान मिळणार की नुसते ओसरीवरचे, हे पौलाच्या दत्तकाच्या कल्पनेवर अवलंबून होते. मिशनऱ्यांच्या वागण्यात ओसरीचा अनुभव देशी ख्रिस्ती लोकांना पुष्कळदा आला. टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात यावेत, ही त्यांची कल्पना. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. त्यांनी आपली गुरुपरंपरा रोमच्या यादीतून शोधली नाही, देहूहून शोधली. इरिनेयसला हे पटले नसते. दिमिष्काच्या वाटेवरच्या पौलाला कदाचित पटले असते.

सगळा पट पाहिल्यावर मला असे दिसते की, रक्त आणि हात हे एकदाच निकाली निघालेले पर्याय नाहीत. लहान, घाबरलेला समाज रक्ताचा आधार घेतो आणि त्यात गैर काही नाही. शिमोनाने आणि बेन्यामीनने त्या आधाराचे मोल प्राण देऊन चुकवले. तोच समाज बळावला की आधाराची भिंत होते. टोलेडोत आणि गोव्यात ती झाली. हाताची रीतही निर्दोष नाही, पुतण्यांच्या कार्डिनलपदांनी ते दाखवले. तिचे एकच वैशिष्ट्य मला मोलाचे वाटते: तिच्यात परक्याला जागा राहू शकते.

आफ्रिकानसनंतर धन्याच्या घरच्यांचा धागा इतिहासात हरवतो. आज यहूदाच्या नातवांचा वंशज म्हणून कोणाकडेही बोट दाखवता येत नाही. घट्टे पडलेल्या हातांची ती कथा मात्र उरली, कारण हेगेसिप्पसला ती नोंदवावीशी वाटली आणि युसेबियसला उतरवून घ्यावीशी. ते दोघेही त्या घरचे नव्हते.